‘मोकळीक देणारे नेतृत्व’ हा शब्दप्रयोग योग्य आहे का?

प्रशिक्षिका, वरूड
महिला बचतगटांच्या अध्यक्ष-सचिवांसाठी असलेली एक पुस्तिका मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आहे. कुर्ट लेविन, रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट या मानसशास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये मांडलेल्या नेतृत्वाच्या तीन शैली तिच्यात आहेत. पहिल्या दोन शैलींना मी ‘हुकमी’ आणि ‘लोकशाही’ म्हटले. तिसऱ्या, ‘लेसे फेअर’ शैलीत नेता विचारल्याशिवाय काही सांगत नाही, म्हणून तिला ‘मोकळीक देणारे नेतृत्व’ असे नाव दिले. मजकूर वाचून दाखवल्यावर बहुतेक बायांनी तीच शैली उत्तम ठरवली. त्यांनी अमेरिकेतील आयोवात मुलांच्या मंडळांवर केलेल्या प्रयोगात मात्र असे मोकळे सोडलेल्या मंडळांचे काम कमी आणि कच्चे झाले होते. कोणता शब्द घ्यावा?

निवृत्त शिक्षक, आर्वी
‘निर्हस्तक्षेपी’ घ्यावा, कारण संज्ञेने स्तुती करू नये आणि निंदाही करू नये. खरे तर आपला ‘हुकमी’ हा शब्द मला अधिक खटकतो. हुकमी एक्का म्हणजे खात्रीचा पत्ता, त्यामुळे वाचणारीला ते खात्रीचे नेतृत्व वाटेल. तेथे ‘एकतंत्री’ हा शुद्ध आणि नेमका शब्द आहे.

गटसचिव, चिमूर तालुका
गुरुजी, आपला मान राखून सांगते, ‘निर्हस्तक्षेपी’ हा शब्द आमच्या बैठकीत कोणाच्याही तोंडी बसणार नाही. अध्यक्षा बैठकीला येते, पण कर्ज कोणाला द्यायचे हे ठरवत नाही, थकलेल्या हप्त्याबद्दल विचारत नाही, आणि मग नियमित भरणाऱ्या बायाही हप्ता मागे ठेवू लागतात. अशा वेळी आमच्याकडे ‘थ्या बाईनं गट वाऱ्यावर सोडला’ असे म्हणतात. शब्द आपल्याकडे असताना नवा घडवायचा कशाला?

प्रशिक्षिका, वरूड
ताई, त्या शब्दात दोष आधीच ठरलेला आहे, आणि मूळ हकीकत त्याहून गुंतागुंतीची आहे. व्हाइट यांना लोकशाही शैलीनेच मंडळ चालवायचे होते. त्यांचे वागणे लोकशाहीपेक्षा निराळे पडते आहे हे सहकाऱ्यांच्या लक्षात आले, तेव्हा तिसरी शैली वेगळी धरली गेली. गटाला विश्वासाने निर्णय घेऊ देणारी अध्यक्षा आणि जबाबदारी टाळणारी अध्यक्षा बाहेरून सारख्याच दिसू शकतात. नेत्याच्या गैरहजेरीत काय होते ते पाहावे: एकतंत्री मंडळातील नेता खोलीबाहेर गेला की काम मंदावत असे, लोकशाही मंडळात ते चालू राहत असे.

शेतकरी कंपनीचे संचालक, मोर्शी
एकतंत्री नेत्याला आपल्याकडे सरळ ‘मुकादम’ म्हणावे, असे मला वाटते.

निवृत्त शिक्षक, आर्वी
‘मुकादम’ मूळ अरबी आहे आणि त्याचा अर्थ पुढे ठेवलेला माणूस असा होतो. ‘पुढारी’ पुढे असतो. ‘नेता’ आणि ‘नायक’ हे ‘नी’ धातूवरून आलेले, म्हणजे घेऊन जाणारे. नुसते पुढे असणे आणि सोबत घेऊन जाणे हा भेद आपल्या भाषेने जपला आहे, म्हणूनच मी संस्कृत शब्दांचा आग्रह धरतो.

गटसचिव, चिमूर तालुका
वर्तमानपत्रे ‘नेता’ हाच शब्द रोज ज्यांच्यासाठी छापतात, त्यांतले किती जण कोणाला सोबत नेतात? अर्थ धातूवर टिकत नाही, वापरावर टिकतो. शिवाय मुकादम नुसता हुकूम सोडत नाही. संत्रा तोडणीच्या टोळीला तो उचल देतो, काम मिळवून देतो आणि त्या बदल्यात हजेरी मागतो. नेतृत्वाचे अमेरिकी अभ्यासक जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी १९७८ मध्ये ज्याला देवाणघेवाणीचे नेतृत्व म्हटले, त्याच्या तो अधिक जवळचा आहे.

ग्रामसभा कार्यकर्ता, धानोरा तालुका
माझा आक्षेप ‘लोकशाही’वर आहे, आणि त्याकडे कोणी पाहिलेले नाही. गावात लोकशाही म्हणजे मतदान, आणि मतदान म्हणजे एक बाजू हरणे. आमच्या तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, आणि एकाचाही विरोध असला तरी चर्चा पुढे चालू राहते. लेविन यांच्या दुसऱ्या शैलीत नेता गटाबरोबर चर्चा करून काम ठरवतो, मते मोजत नाही. म्हणून तेथे ‘सहमतीचे नेतृत्व’ हाच शब्द हवा.

निवृत्त शिक्षक, आर्वी
‘सहमती’ हिंदीतून आलेला आहे. मराठीत ‘संमती’ किंवा ‘एकमत’ म्हणावे.

ग्रामसभा कार्यकर्ता, धानोरा तालुका
गुरुजी, संमती दिली जाते आणि सहमती घडवावी लागते. एकमत झाले नाही तरी निर्णयाला अडवायचे नाही, इतपत सगळे येतात, त्यालाही सहमतीच म्हणतात. हा फरक ‘एकमत’ या शब्दात मावत नाही.