एसपीटी (घणाच्या ठोक्यांनी नळी मातीत घालण्याची चाचणी), सीपीटी (शंकू दाबत नेण्याची चाचणी) आणि डीसीपीटी (शंकू घणाने ठोकत नेण्याची चाचणी) यांचे आकडे एकमेकांशी कसे जुळवावेत?

खाडीकाठ: उरणजवळच्या एका गोदामाच्या पायासाठी आमच्याकडे 4 बोअरहोल आणि 6 सीपीटी आहेत. वर 7 मीटर काळसर खारा गाळ, त्याखाली बारीक वाळू आणि मग मुरूम आहे. वाळूत एसपीटीचा एन (नळी 30 सेंमी आत जायला लागलेले ठोके) 27 मिळाला, म्हणजे नेहमीच्या 'चार एन'च्या हिशेबाने शंकूरोध (सीपीटीच्या शंकूला होणारा मातीचा विरोध) 108 किलो प्रति चौरस सेंमी यायला हवा. प्रत्यक्षात तो 82, म्हणजे 8 मेगापास्कल आहे. कोणता आकडा धरावा?

मातीपरीक्षक: 'चार एन' हा बारीक वाळूपुरता ठोकताळा आहे. शंकूरोध बारमध्ये घेतला, तर त्याचे एन-60 शी (घणाच्या 60 टक्के ऊर्जेला जुळवलेल्या एनशी) गुणोत्तर चिकणमातीत साधारण 1 ते 2 असते आणि कण जाड होत जातात तसे ते वाढते. म्हणून आधी त्याच नमुन्याची चाळणी करून मध्यम कणव्यास काढावा. चाळणी नसेल, तर जेफरीज आणि डेव्हिस यांचे 1993 चे सूत्र वापरता येते: गुणोत्तर = 8.5 × (1 − आयसी/4.6). आयसी म्हणजे सीपीटीवरून काढलेला मातीच्या प्रकाराचा निर्देशांक. तुमचा आयसी 2.05 असल्यास ते 4.7 येते, म्हणजे 80 बारला (तुमच्या 8 मेगापास्कलला) एन-60 सुमारे 17.

आता घणाकडे पाहा. 63.5 किलोचा घण 75 सेंमीवरून पडला असे बोअरलॉगवर छापलेले असते, पण विंचच्या ड्रमवर दोराचा एखादा वेढा जास्त असला की घर्षणात ऊर्जा जाते आणि ठोके फुगतात. समजा ऊर्जा 40 टक्केच पोहोचली, तर 27 × 40/60 = 18. दोन्ही आकडे जवळ आले! अर्थात 40 हा माझा अंदाज आहे. ऊर्जा मोजून घ्यावी. आणखी एक, आयएस 2131 (एसपीटीचे भारतीय मानक) मधील भूभार (वरच्या मातीचा भार) आणि पाण्याखालच्या बारीक वाळूच्या दुरुस्त्या या तुलनेपूर्वी लावू नयेत.

जुनाबोअरवाला: गाळाचे रूपांतर मुळीच करू नका. तिथे रॉड स्वतःच्या वजनाने खाली जातात, लॉगवर एन शून्य लिहिला जातो आणि शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. व्हेन शिअर (पाती मातीत फिरवून ताकद मोजण्याची चाचणी) करून त्यावरून शंकूचा गुणांक (शंकूरोधावरून गाळाची ताकद काढायचा भाजक) ठरवावा. तो बहुधा 10 ते 20 मध्ये असतो. डीसीपीटीत नमुना मिळत नाही आणि खोल जाताना रॉडचे घर्षण ठोक्यांत मिसळते, म्हणून तिचा उपयोग दोन बोअरहोलमधला थर शोधण्यापुरताच ठेवावा.

खाडीकाठ: आभारी आहे. बोअरहोल क्रमांक 2 पासून 3 मीटरवर एक सीपीटी घेऊन, त्याच वाळूची चाळणी आणि घणाची ऊर्जा मोजून आकडे इथेच टाकतो.