‘कधीतरी लागेल’ म्हणणाऱ्यांनो, ते ठेवायचं कुठे?

अडगळग्रस्त
परवा एकाने लिहिलं होतं, “घरातलं काहीही टाकू नका, प्रत्येक वस्तूला दुसरा जन्म असतो.” खाली वाहवाच वाहवा. म्हणून हा वेगळा धागा. दुसरा जन्म होईपर्यंत ती वस्तू राहते कुठे? आमच्या पलंगाखाली! सासऱ्यांचे वाकडे खिळे, झाकण हरवलेल्या बरण्या आणि बरणी हरवलेली झाकणं. धूळ पुसायची मी, निसर्गप्रेमी मात्र ते.

हातोडी
खिळा लोखंडावर ठेवा, फुगवटा वर, आणि हलक्या हाताने ठोका. पाच मिनिटांत वीस सरळ होतात. तुम्हाला फक्त टाकायची घाई. माझ्या मुलीचं अभ्यासाचं टेबल जुन्या खिडकीच्या झडपांचं आहे. घरीच रंग घासून काढला. दहा वर्षं झाली, एक पाय डुगडुगत नाही.

शंकासुर
रंग घासला म्हणजे कोरडाच? जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असायचं. ती धूळ मुलांच्या पोटात जाते.

हातोडी
आलं शिसं! तोंडाला रुमाल बांधला होता हो.

शंकासुर
तुमच्या तोंडाला. मुलीच्या? आणि रुमालाने ती बारीक धूळ अडतही नाही. मुलांसाठी शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, हे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाणी मारून ओलंच घासायचं, नंतर ओल्या फडक्याने पुसायचं. झाडू तर अजिबात नको.

फळीबहाद्दर
म्हणून मी फक्त पॅलेट आणतो, मालाच्या खोक्यांखाली असते ती लाकडी फळ्यांची चौकट. कोरं लाकूड, भानगड नाही.

शंकासुर
तिच्यावरचा शिक्का बघता का? ‘एमबी’ असेल तर कीड मारायला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. ‘एचटी’ म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटं तापवलेलं. घ्यायचंच तर ते.

फळीबहाद्दर
एचटीच आहे. माझ्या मुलाचा पलंग त्याचाच केलाय. झालं समाधान?

शंकासुर
अर्धं. तो शिक्का कीड मेल्याचा आहे. नंतर त्यावर कसल्या रसायनाचं पिंप फुटलं, ते शिक्का सांगत नाही. डाग किंवा वास असेल तर सोडून द्या.

फळीबहाद्दर
तुमच्या घरात बसायला तरी काही आहे का हो?

अडगळग्रस्त
माझा पलंग राहिला बाजूला, इथे दुसऱ्यांच्या पलंगांची तपासणी सुरू!

हातोडी
शंकासुर, कोरडं घासलं ही माझी चूक. झालं? टेबल मात्र मोडणार नाही. आणि ताई, तुमच्या सासऱ्यांनाही मी चूक म्हणणार नाही. गेल्या महिन्यात आमच्या कपाटाची बिजागरी तुटली, तसलीच जुनी डब्यात सापडली.

अडगळग्रस्त
एक बिजागरी! किती वर्षांनी?

हातोडी
चौदा.

अडगळग्रस्त
बरं. पाच मिनिटांत वीस म्हणालात ना? आमच्याकडे अर्धी बादली आहे. रविवारी या. जाताना झाकणंही न्या.