अनुभव धागा: तुमची पूर्णा कोणती?

गोदाकाठची
परवा भाचीचा शाळेचा प्रकल्प चालला होता, 'आपल्या जिल्ह्यातील नदी'. आम्ही परभणीचे, म्हणजे पूर्णा. पोरीनं मोबाईलवरून उतरवून घेतलं की पूर्णा सातपुड्यात उगम पावते, अमरावती-अकोला करत तापीला मिळते. ताईनं कौतुकानं खाली सहीसुद्धा ठोकली! म्हटलं अगं, ती वऱ्हाडातली. आपली अजिंठ्याच्या डोंगरातून येते, येलदरी, सिद्धेश्वर धरणं ओलांडून गोदावरीला मिळते. तर पोरगी म्हणे, "मावशी, पूर्णा म्हणजे रेल्वेचं जंक्शन ना?" आता तेही खरंच आहे.

त्यावरून २०२० चा तो लॉकडाऊनचा महिना आठवला. आम्ही सातआठ जणांनी विकिपीडियावरचे संदिग्ध दुवे निस्तरायची पैज लावली होती. लेखात नुसतं 'पूर्णा' जोडलेलं दिसलं की अख्खा लेख वाचायचा, कोणती पूर्णा ते ठरवायचं आणि दुवा नेमक्या पानाकडं वळवायचा. एका दुव्याला एक गुण. हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्याला हुरडा खाऊ घालायचा. तेव्हाचे गडी इथं आहेत बरेच, लिहा की. नवीन लोकांनीही नावांचे घोळ सांगा.

किल्ल्याखालचा
नि:संदिग्धीकरण, म्हणजे एकाच नावाचा घोळ सोडवणं. हा शब्द न अडखळता म्हणणाऱ्याला आधी दोन गुण द्या.
मी नांदेडच्या कंधारचा. डिसेंबर १९९९ चं ते अपहरण केलेलं विमान एका लेखात सरळ आमच्या गावात उतरवलेलं होतं. अफगाणिस्तानातलं कंदाहार लिहिणारानं कंधार लिहिलं, अन् दुवा आला आमच्या मन्याड नदीच्या काठी. आमच्याकडं किल्ला हाय, तळं हाय, पण धावपट्टी कुठून आणावी? दुरुस्त करायच्या आधी गावातल्या सगळ्या पोरांना दाखवून घेतलं.

कुकरशिट्टी
नायगाव!!! सावित्रीबाईंचं. येते परत, शिट्ट्या व्हायल्यात.

वानेरा
वडील जनावरांचे डॉक्टर होते, त्यामुळं माझ्या वाट्याला 'देवणी' आली. गायीबैलांच्या लेखांतली देवणी ही जात लातूर जिल्ह्यातल्या तालुक्यावर जायची. म्हणजे शेतकऱ्यानं बैलजोडी म्हणून तालुकाच बांधलाय दावणीला. वडिलांना फोनवर वाचून दाखवलं तर दुवा राहिला बाजूला, तासभर देवणीचे प्रकारच सांगत बसले. वानेराचं अंग पांढरं अन् तोंड काळं, बालंक्या सगळाच पांढरा, शेवऱ्याच्या अंगावर ठिपके. त्या दिवशी माझे गुण शून्य. मागच्या वर्षी वडील गेले. ती तासभराची रेकॉर्डिंग अजून आहे फोनमध्ये, चुकून झालेली.

गोदाकाठची
@वानेरा, हे माहीत नव्हतं रे. जपून ठेव, दुसरीकडं कॉपी करून ठेव आजच.

किल्ल्याखालचा
कॉपी कर भावा, खरंच. फोनचा भरवसा नसतो.

गणितात कच्चा
मी लबाडी केली होती, आज कबूल करतो. 'सेलू' दिसलं की परभणीचं. लेख वाचायचा नाही, धडाधड बदलायचं. एका रात्रीत पहिला नंबर! सकाळी बघतो तर वर्ध्याच्या एका सदस्यानं निम्मे बदल उलटवलेले. संपादन सारांशात, म्हणजे बदलासोबतच्या टिपेत, एवढंच, "हे सेलू वर्धा जिल्ह्यातले, कृपया लेख वाचावा." शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं, ते 'कृपया' लई लागलं. नंतर त्यालाच विचारून विचारून आष्टीचे दुवे लावले. आष्टी तालुका बीडमध्येही अन् वर्ध्यातही.

किल्ल्याखालचा
वर्धेकरांनी आपली गावं कॉपी केलीत, दुसरं काय.

कुकरशिट्टी
आले. तर सावित्रीबाईंचं नायगाव सातारा जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. आमचं नांदेडचं वेगळं, मुंबईत दादरजवळचं वेगळं, वसईकडचं आणखी वेगळं. एका लेखात त्यांचा जन्म आमच्या नायगावात झालेला. खरं सांगू, बदलताना हात जड झाला. वाटलं राहू द्यावं, कुणाला कळतंय. मग वाटलं, ज्या बाईनं आपल्याला लिहायला लावलं तिच्याच गावाचा पत्ता चुकवायचा का? बदलला. एक गुण.
वरण उतू गेलं ते वेगळंच.

नवीनच आलोय
एक शंका. दुवा बदलल्यावर वाक्यात 'पूर्णा नदी (गोदावरीची उपनदी)' असं लांबलचक दिसत नाही का?

गोदाकाठची
नाही. दुहेरी चौकटी कंसात मधे उभी रेघ टाकायची. रेघेआधी पानाचं खरं नाव, रेघेनंतर वाचकाला दिसणारा शब्द. वाचकाला नुसतं 'पूर्णा' दिसतं, टिचकी मारली की बरोबर नदीवर जातो. पूर्णेला कोण कोण जोडलंय ते बघायला त्या पानावर 'येथे काय जोडले आहे' असतं. तिथूनच सुरुवात करायचे आम्ही.

नवीनच आलोय
फोनवर ती उभी रेघ कुठं असते?

गणितात कच्चा
चिन्हांच्या दुसऱ्या पानावर. मला सापडायला दोन दिवस लागले होते, लाजू नका.

पैठणगेट
औरंगाबाद राहिलं की. बिहारमध्येही औरंगाबाद जिल्हा आहे. त्यात २०२३ ला इकडचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, पण जुन्या संदर्भात जुनं नाव येणारच. आता दुवा लावायचा म्हणजे आधी साल बघा, मग राज्य बघा.
(नावावरून भांडण नको, फक्त दुव्यांपुरतं बोलतेय.)

कुकरशिट्टी
भोकर पण घ्या! तालुका आणि फळ. लोणच्याच्या लेखातून थेट नांदेड जिल्ह्यात गेले होते मी.

पैठणगेट
भोकराचं लोणचं!! आई करायची. माझं दरवेळी बुळबुळीत होतं, बी निघतच नाही.

कुकरशिट्टी
बोटाला मीठ लावून काढायची गं बी. फोडलं की आतून मीठ चोळ, चिकटपणा सुटतो. मग कैरीच्या फोडींसोबत घाल.

वानेरा
कॉपी केली. लॅपटॉपवर पण आणि बहिणीच्या फोनवर पण.

नवीनच आलोय
पण जिंकलं कोण? हुरडा मिळाला का?

गोदाकाठची
मी जिंकले. चार हिवाळे गेले.

गणितात कच्चा
ज्वारी पेरली की सांगतो ताई.