भोग्य दशा दोन पत्रिकांत वेगवेगळी येते, कोणती धरावी?

मिथुनचंद्र:
एकाच जन्मवेळेच्या दोन पत्रिका आहेत. हाताने मांडलेल्या जुन्या पत्रिकेत राहूची भोग्य दशा (जन्मावेळी शिल्लक राहिलेला दशेचा काळ) 7 वर्षे 2 महिने 12 दिवस, तर सॉफ्टवेअरमध्ये 12 वर्षे 7 महिने 6 दिवस. नक्षत्र दोन्हीकडे आर्द्राच. विवाहाचा काळ काढायचाय. कोणती दशा धरू, आणि गोचर (ग्रहांचं चालू भ्रमण) कसं लावू?

दशमेश:
जुनी पत्रिका बहुधा टिळक पंचांगावरून केलेली आहे. त्यात रैवत पक्षाचे (रेवती ताऱ्यावरून मोजलेले) अयनांश असतात, सॉफ्टवेअरमध्ये सहसा चित्रापक्षाचे (चित्रा ताऱ्यावरून मोजलेले), म्हणजे लाहिरी. अयनांश म्हणजे सायन आणि निरयन राशिचक्रांच्या आरंभांतलं अंतर. दोन्हींत साधारण 4 अंशांचं अंतर आहे.

हिशेब करून बघा. नक्षत्र 800 कलांचं (60 कला म्हणजे 1 अंश). आर्द्रा मिथुनेच्या 6 अंश 40 कलांवर सुरू होतं. चंद्र 10 अंश 40 कलांवर असेल तर 240 कला भुक्त (ओलांडलेल्या), 560 भोग्य (उरलेल्या). राहूची पूर्ण दशा (महादशा) 18 वर्षांची, म्हणून 560 × 18 ÷ 800 = 12.6 वर्षे. तोच चंद्र रैवत अयनांशांनी 4 अंश पुढे गेला की भोग्य 320 कला, म्हणजे 7.2 वर्षे. तुमचे दोन्ही आकडे जुळले.

मी चित्रापक्ष धरतो, पण माझ्या सांगण्यावर जाऊ नका. तारीख पक्की असलेल्या चार-पाच घटना घ्या (नोकरी लागणं, घर बदलणं, मोठं आजारपण, घरातला मृत्यू) आणि दोन्ही दशांत अंतर्दशेपर्यंत (महादशेतल्या पोटकाळापर्यंत) तपासा. साडेपाच वर्षांच्या आसपासचा फरक आहे, चुकीची दशा लगेच उघडी पडते. एक मात्र कटाक्षाने पाळा: दशा एका पक्षाची आणि नवमांश (राशीच्या नऊ भागांवरून मांडलेली उपपत्रिका) दुसऱ्या पक्षाचा असं करू नका.

कृत्तिका:
सॉफ्टवेअरमध्ये दशावर्ष किती दिवसांचं आहे तेही बघा. 365.25 आणि 360 दिवसांच्या वर्षात तिसाव्या वर्षापर्यंत पाच महिन्यांचा फरक पडतो. जगन्नाथ होरा या सॉफ्टवेअरमध्ये हे बदलता येतं.

मिथुनचंद्र:
घटना लावून पाहिल्या, चित्रापक्षाची दशा जुळते. आता गुरूची महादशा चालू आहे. पुढे?

दशमेश:
आधी पत्रिकेत विवाहाचं आश्वासन आहे का ते बघा: सप्तमेश (सातव्या, म्हणजे विवाहाच्या स्थानाचा स्वामी), सप्तमातले ग्रह, शुक्र, आणि हेच सगळं नवमांशात. ते नसेल तर दशा कितीही चांगली असो, पुढचं गणित फुकट.

मग अंतर्दशा. महादशेची वर्षे गुणिले अंतर्दशेची वर्षे, भागिले 10, उत्तर महिन्यांत. गुरूत शनी (गुरूची 16 वर्षे, शनीची 19): 16 × 19 ÷ 10 = 30.4 महिने. ज्या अंतर्दशेच्या स्वामीचा 2, 7 किंवा 11 या स्थानांशी संबंध आहे, तेवढ्याच बाजूला काढा.

गोचर शेवटी, आणि फक्त त्याच काळात. गुरू आणि शनी या दोघांचीही सप्तमावर किंवा सप्तमेशावर दृष्टी वा युती ज्या महिन्यांत येते, ते महिने धरा. लोक इथेच घसरतात. गुरू दर बारा-तेरा महिन्यांनी रास बदलतो, त्यामुळे नुसता गुरू बघितला की दर दोन-तीन वर्षांनी ‘योग आहे’ म्हणावं लागतं.

कृत्तिका:
शनी ज्या राशीतून जातोय तिथे त्याच्या भिन्नाष्टकवर्गात (एका ग्रहाला प्रत्येक राशीत मिळणाऱ्या शुभ-अशुभ गुणांच्या तक्त्यात) 4 किंवा अधिक शुभ बिंदू असले तर काम कमी ताणाने होतं. काही ग्रंथांत शुभाला रेषा आणि अशुभाला बिंदू म्हणतात. बारा राशींची बेरीज 39 आली तर तुम्ही शुभच मोजलेत. 57 आली तर उलटे मोजलेत.

मिथुनचंद्र:
प्रत्यंतर्दशेवरून (अंतर्दशेतल्या पोटकाळावरून) तारीख काढता येईल?

दशमेश:
जन्मवेळ मिनिटापर्यंत पक्की असेल तरच प्रयत्न करा. चंद्र साधारण एका दिवसात नक्षत्र ओलांडतो, म्हणून जन्मवेळेत 5 मिनिटांची चूक असली की राहूची भोग्य दशा सुमारे 23 दिवसांनी सरकते, आणि पुढच्या सगळ्या दशाही तितक्याच. नवमांश लग्न तर सरासरी 13 मिनिटांत बदलतं. दवाखान्याच्या नोंदीत वेळ ‘10:30’, ‘10:45’ अशी गोल आकड्यात असेल, तर महिना सांगून थांबा.