३ मिमी एमडीएफचं घडीचं मखर: खाचा खुळखुळतात, कडा फुगतात

भरती_ओहोटी (प्रश्न)
मंडळी, आमच्या कॉलेजच्या मेकरस्पेसमध्ये घडीचं मखर चाललंय. रत्नागिरीजवळ, खाडीकाठची हवा. अडीच फूट रुंद, तीन फूट उंच, साधा ३ मिमी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड), कापायला ६० वॉटचं सीओटू लेझर. कमानीवर दहा गोल चकत्या, सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेच्या (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांच्या) धर्तीवर. प्रत्येकीमागे १२ दिवे, गंजिफेच्या एका रंगात १२ पानं असतात तसे. दिव्यांची पट्टी डब्ल्यूएस२८१२बी (प्रत्येक एलईडीचा रंग कोडने वेगळा ठरवता येतो), ५ व्होल्ट.
अडचणी: खाच ३.० मिमी काढली तर तिच्यात बसणारा दाता खुळखुळतो, २.७ काढली तर पावसाळी हवेत बसतच नाही. कडा फुगून केसाळ होतात. आणि शेवटच्या तीन चकत्या पांढऱ्याऐवजी तांबूस दिसतात.

पटाशी
‘३ मिमी’ हे शीटचं नुसतं हाक मारायचं नाव. व्हर्नियर लावा, कुठे २.८ भरेल, कुठे ३.२. कापायच्या दिवशीच पाच ठिकाणी मोजा, श्रावणात उघडी पडलेली शीट आठवडाभरात जाड होते.
मग कर्फ, म्हणजे किरणाने खाल्लेली रुंदी. त्याच शीटवर २०० × २० मिमीची पट्टी काढून तिचे आतल्या नऊ रेघांनी दहा तुकडे पाडा. तुकडे घट्ट चिकटवून एकूण लांबी मोजा. १९८.२ आली तर १.८ गेले, भागिले १०, कर्फ ०.१८. आता दात्याची रेघ ०.०९ बाहेर सरकवा, खाचेची ०.०९ आत. शीट ३.१ असेल तर खाच २.९२ यायला हवी, पण मी ३.० काढीन. दरवर्षी उघडायचं मखर आहे. ठोकून बसवलेला दाता फुगला की खाचेची भिंत पापुद्र्यासारखी सुटते. खाचेपासून कडेपर्यंत १० मिमी तरी माल ठेवा.
भिंग साफ आहे ना आणि फोकस बरोबर आहे ना, हे आधी बघा. नाहीतर कर्फच बदलत राहतो नि हिशेब वाया.

नारळीपाक
एवढा खटाटोप कशाला? पीव्हीसी फोमशीट घ्या, पाण्याची भीतीच नाही.

पटाशी
@नारळीपाक, करवतीने कापणार असाल तर घ्या. लेझरखाली पीव्हीसी कधीच नको. हायड्रोजन क्लोराइड सुटतो, माणसाला घातक, आणि मशिनच्या पट्ट्या नि आरसे गंजतात.

चपडा_लाख
कडा फुगतात कारण कापल्यावर आतला भुसा उघडा पडतो, पाणी तिथूनच शिरतं. एकदा फुगलेला एमडीएफ वाळला तरी मूळ जाडीवर येत नाही, तेव्हा कापल्याच्या दिवशीच बंदोबस्त करा. पाणी घातलेला फेविकॉल कडांना लावू नका, तेच पाणी भुसा पिऊन टाकतो.
कडेची काजळी १८० च्या पॉलिशपेपरने काढा, कोरड्या फडक्याने पुसा. १०० ग्रॅम चपडा (लाखेचे पापुद्रे) ५०० मिली स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवून गाळून घ्या. पहिला हात कड पूर्ण पिऊन टाकते. वाळल्यावर २२० ने घासून दुसरा, मग तिसरा. पाटाला (मखराच्या फळीला) पुढून लावलात तेवढंच मागूनही लावा. एकच बाजू बंद केली की उघडी बाजू दमट होऊन पाट वाकतो.
पाऊस लागलेल्या दिवशी पॉलिशवर पांढुरका ढग येतो. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो नि हवेतलं पाणी त्यावर बसतं. दुपारी, तुकडे किंचित कोमट करून, पातळ हात मारा. आणि बाटली लेझरच्या खोलीत नको.
धुराचे डाग टाळायला कापण्याआधी दोन्ही बाजूंना कागदी मास्किंग टेप.

सोल्डरचा_धूर
तांबूसपणा व्होल्टेज पडल्यामुळे. लाल एलईडी कमी व्होल्टेजवर पेटतो, हिरव्या-निळ्याला जास्त लागतं, म्हणून शेवटी लाल तेवढा टिकतो. १२० दिवे × ६० मिलिअँपिअर, पूर्ण पांढऱ्यावर ७.२ अँपिअर, पट्टीच्या पातळ तांब्यातून एकाच टोकाने एवढं जात नाही. १ चौरस मिमी तारेने दोन्ही टोकांना आणि मध्ये पुरवठा द्या, उजेड कोडमध्येच ३० टक्क्यांवर बांधा. मग ५ व्होल्ट ५ अँपिअरचा सप्लाय पुरतो. एवढ्या उजेडाने मूर्ती छान दिसते, जास्त केलात तर मांडव नव्हे, मोबाइलचं दुकान.
दिवे चालवायला ईएसपी३२ (छोटा कंट्रोलर बोर्ड) असेल तर डेटा ३.३ व्होल्टचा, पट्टीला साधारण ३.५ हवा. मध्ये ७४एएचसीटी१२५ (डेटाचं व्होल्टेज ५ पर्यंत चढवणारी चिप) घाला, नाहीतर दिवे मनाला येईल तसे लुकलुकतील. बोर्ड, पट्टी नि सप्लाय यांचं ग्राउंड एकच.

भरती_ओहोटी
घडीसाठी बिजागरीऐवजी एमडीएफमध्येच लवचीक जाळी (जवळजवळ चिरा पाडून वळणारा भाग) कापली तर? आणि माटवी (गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट) वरच्या पट्टीला टांगता येईल?

पटाशी
जाळी एकदा वळवून ठेवायला ठीक. सारखी घडी घातली तर काड्या मोडतात, दमट हवेत तर आधीच लोंबते. पितळी बिजागऱ्या घ्या, लोखंडी खाऱ्या वाऱ्यात गंजतात. ३ मिमीत स्क्रू धरत नाही. एम३ चे स्टेनलेस नटबोल्ट आरपार, मागे वॉशर.
माटवी मखरावर अजिबात नको. नारळ, तवशी, कवंडळं, सुपारीचा घड, आंब्याचे टाळे, सगळं ओलं नि जड. ती वाशालाच बांधा, मखरापासून चार बोटं मोकळी, टाळ्यांचं पाणी कडांवर ठिबकता कामा नये. समई बाजूच्या पाटापासून हातभर लांब, एमडीएफ नि स्पिरिट पॉलिश दोन्ही पेटणारे. विसर्जनानंतर मखर माळ्यावर आडवं, सपाट ठेवा. भिंतीला टेकवून ठेवलंत तर पुढच्या चतुर्थीला धनुष्य खाली काढाल.