पसरणी घाटमार्गे महाबळेश्वर: मध्यम तयारीच्या अठरा जणांची राइड कशी आखावी?

कात्रजचा_स्वार

नमस्कार. पुण्यातील आमचा अठरा जणांचा गट दर रविवारी साठ ते ऐंशी किलोमीटर सायकल चालवतो. बहुतेकांना दोन-तीन वर्षांचा अनुभव असून सर्वांकडे रोडबाइक आहेत, परंतु मोठा घाट आम्ही गटाने अद्याप केलेला नाही. डिसेंबरमध्ये वाईपर्यंत गाड्यांनी जाऊन तेथून पसरणी घाटाने पाचगणी, पुढे महाबळेश्वर आणि त्याच वाटेने परत, असा सुमारे ६२ किलोमीटरचा बेत आहे.

मागील महिन्यात सरावासाठी बोपदेव घाटात गेलो, तो अनुभव मनाला लागून राहिला आहे. सर्वांनी एकत्र चढायचे असे ठरले होते. पण पुढच्यांना वेग आवरता आला नाही, मागच्यांनी त्यांना गाठण्याच्या नादात पहिल्याच किलोमीटरला दम घालवला, आणि एक सहकारी खाली एकटाच पंक्चर काढत बसला आहे हे आम्हाला माथ्यावर पोहोचून वीस मिनिटे झाल्यावर कळले. कोणीही एकटे पडू नये आणि तरीही प्रत्येकाला आपल्या ताकदीने चढता यावे, यासाठी काय करावे?

कृष्णाकाठ

मी वाईचा रहिवासी असून आठवड्यातून दोनदा हा घाट चढतो. माझे स्पष्ट मत असे की, घाटात गट एकत्र ठेवण्याचा प्रयत्नच करू नये. वाई सुमारे ७२० मीटरवर आणि पाचगणी १,२९० मीटरच्या आसपास आहे. म्हणजे बारा किलोमीटरांत साधारण ५७० मीटर, सरासरी पावणेपाच टक्के चढ. तुमच्यातील तयारीचा स्वार हे अंतर पाऊण तासात कापेल, तर शेवटच्याला सव्वा तासाहून अधिक वेळ लागेल. हा फरक आग्रहाने मिटत नाही, तो गृहीत धरूनच थांबे ठरवावे लागतात.

एक थांबा घाटाच्या मध्यावर, वळणापासून दूर, रस्त्याच्या कडेला मोकळी जागा असेल तेथे ठेवा. दुसरा पाचगणीत, न्याहारीसाठी. पाचगणीतच परतण्याचा पर्याय आधीपासून जाहीर करा, म्हणजे ज्याचे पाय भरून आले आहेत त्याला माघार घेतल्यासारखे वाटणार नाही. मात्र गट तेथे फुटणार असल्याने शेवटी राहणारे स्वीप दोन हवेत, एक पुढे जाणाऱ्यांबरोबर व एक परतणाऱ्यांबरोबर.

शनिवारी सकाळपासून पर्यटकांच्या गाड्या वर चढू लागतात, म्हणून रविवार बरा. उजाडताच, साडेसहाच्या सुमारास निघा. वेण्णा तलावापाशी दुपारी होणाऱ्या कोंडीत सापडण्यापूर्वी परतीला लागलेले उत्तम.

चौतीस_दात

गियरकडे आत्ताच लक्ष द्या. पुढची लहान चकती ३४ दातांची आणि मागची सर्वांत मोठी २८ दातांची असेल, तर पेडलच्या मिनिटाला साठ फेऱ्यांच्या केडन्सला ताशी सव्वानऊ किलोमीटर वेग येतो. त्याहून हळू चढणाऱ्याला प्रत्येक फेरी गुडघ्याने रेटावी लागते. मागे ३२ दात असतील तर हीच लय ताशी आठ किलोमीटरला राखता येते. एवढा मोठा कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, आपल्या डिरेलरला (गियर बदलताना साखळी सरकवणाऱ्या भागाला) झेपेल का, हे मेकॅनिकला विचारून मगच बदला.

मला चढापेक्षा उताराची चिंता अधिक वाटते. वळणाआधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करावा, दोन्ही ब्रेक दाबावेत आणि सोडावेत. सतत घासत ठेवल्यास रिम तापते. वळणावर वर येणाऱ्या एसटीला जवळपास संपूर्ण रस्ता लागतो आणि घाटात चढणाऱ्या वाहनाला प्राधान्य असते, हे प्रत्येकाला निघण्यापूर्वी तोंडी सांगा. उतारात दोन सायकलींमध्ये किमान तीस-चाळीस मीटर अंतर हवे, ओव्हरटेक अजिबात नको. घामाने भिजलेली जर्सी उतारात अंगाला चिकटून गारठते आणि बधिर बोटांनी ब्रेक दाबला जात नाही, म्हणून विंडचीटर व हातमोजे सक्तीचे ठेवा.

मागचं_चाक

मी आमच्या गटात नेहमी शेवटी पोहोचणारी आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. पुढचे स्वार थांब्यावर अर्धा तास बसतात, केळी खातात, पाणी भरतात. शेवटचा येतो, एक पाय जमिनीवर टेकतो, बाटलीचे झाकण उघडतो, आणि त्याच वेळी पेडलमध्ये बूट अडकल्याचे खट् खट् आवाज त्याच्या कानांवर पडू लागतात. ज्याला विश्रांतीची सर्वाधिक गरज आहे त्यालाच ती मिळत नाही, आणि पुढच्या चढावर तो आणखी मागे पडतो. यासाठी नियम असा करा की, शेवटचा स्वार पोहोचल्यानंतर दहा मिनिटे मोजूनच गट हलेल. थंडीने आखडू नये म्हणून पुढच्यांनी तोवर विंडचीटर चढवून घ्यावे.

स्वीपचे काम तयारीच्या स्वाराकडे द्या आणि त्याच्याकडे पंप, ट्यूब व साखळीची जोडकडी असू द्या. तो शेजारी सतत बोलत राहिला तर धाप लागलेल्याला उत्तर देण्याचेही कष्ट होतात. चार-पाच मीटर मागे शांतपणे चालवणारा सोबती मला सर्वांत आधाराचा वाटतो.

कात्रजचा_स्वार

सर्वांचे मनापासून आभार. दहा मिनिटांचा नियम आणि दोन स्वीप आजच गटाला कळवतो. बोपदेवमध्ये पंक्चर काढत बसलेल्या सहकाऱ्याला फोन केला. मध्यावरच्या थांब्याची जागा त्याच्याचबरोबर येत्या रविवारी वाईला जाऊन पाहून येणार आहे. कृष्णाकाठ, आपण त्या दिवशी घाटात असाल तर अवश्य भेटू.