मदत हवी आहे: ‘फ्रँकेन्स्टाइन’ 1818 ची वाचावी की 1831 ची?

आमच्या वाचनगटात पुढच्या महिन्यात मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी मूळ इंग्रजीतून वाचायची आहे. अडचण अशी की सगळ्यांकडच्या प्रती जुळत नाहीत. काहींकडे 1818 सालची पहिली संहिता आहे, म्हणजे तीन खंड आणि प्रत्येक खंडात प्रकरणांचे क्रमांक पुन्हा एकपासून. बाकीच्यांकडे लेखिकेने स्वतः सुधारलेली 1831 ची, सलग 24 प्रकरणांची.

फरक नुसत्या क्रमांकांचा असता तर तक्ता करून भागलं असतं (तो केलाही आहे). पण 1818 मध्ये एलिझाबेथ ही व्हिक्टरची (म्हणजे मानवसदृश प्राणी निर्माण करणाऱ्या नायकाची) आतेबहीण आहे, तर 1831 मध्ये इटलीत सापडलेली अनाथ मुलगी. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नंतरच्या संहितेत व्हिक्टर वारंवार नियतीकडे बोट दाखवतो. आम्हाला चर्चा करायची आहे ती नेमकी त्याच्या जबाबदारीवर!

माझा कल 1818 कडे आहे. मात्र जिनिव्हाच्या तळ्याकाठी 1816 च्या उन्हाळ्यात ही गोष्ट कशी सुचली, ते सांगणारी लेखिकेची प्रस्तावना 1831 चीच. ती सोडवत नाही.

दोन्ही संहिता प्रोजेक्ट गुटेनबर्ग या ई-पुस्तकांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, त्यामुळे खर्चाचा प्रश्न नाही. संक्षिप्त आवृत्ती किंवा अनुवाद नको. बहुतेकजण ही कादंबरी पहिल्यांदाच वाचणार आहेत आणि दोन्ही संहिता पूर्ण वाचण्याइतका वेळ नाही.

ज्यांनी दोन्ही वाचल्या आहेत त्यांना विचारतो: 1818 ची संहिता घेऊन तिला 1831 ची प्रस्तावना जोडली, तर आणखी कोणती बदललेली प्रकरणं शेजारी ठेवून वाचायलाच हवीत?